दूरध्वनीवर धागा सुटला तर

दूरध्वनीच्या जन्माची कथा सर्वांना ठाऊक आहे. १० मार्च १८७६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने यंत्रातून आपला सहकारी थॉमस वॉटसन याला हाक मारली, इकडे या म्हणून सांगितले, आणि दुसऱ्या खोलीतला वॉटसन ते ऐकून आला. शाळेच्या पुस्तकात गोष्ट येथे संपते. परंतु बेलने त्या दिवशी आपल्या वहीत जे टिपून ठेवले आहे, त्याचा पुढचा भाग अधिक वाचनीय आहे. दोघांनी जागा बदलल्या. वॉटसन एका पुस्तकातून उतारे वाचू लागला आणि बेल कान देऊन ऐकू लागला. आवाज मोठा होता, पण गुदमरल्यासारखा. अधूनमधून एखादा सुटा शब्द कळे, अर्थ मात्र लागेना. अखेर वॉटसनने, मी काय म्हणतो ते समजते आहे काय, असे एकेक अक्षर तोडून विचारले, तेव्हा कुठे ते एक वाक्य बेलला स्वच्छ ऐकू आले. म्हणजे यंत्राच्या पहिल्याच दिवशी ऐकणाऱ्याचा धागा सुटला होता, आणि तो विचारपूस करून पुन्हा जोडावा लागला होता.

आज आम्हाला ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो एवढाच आहे : फोनवरील संभाषणाचा धागा आपल्या हातून सुटला, तर तो शोभेल अशा रीतीने पुन्हा कसा धरावा. अर्थकारण, राज्यघटना, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला हा विषय बसवला म्हणून कोणी हसेल. हसावे. पण आज कित्येक घरांतून मुलगी बंगळुरूला, मुलगा टोरांटोला आणि आईवडील साताऱ्याला अशी विभागणी झाली आहे. त्या घरांत एकमेकांचे म्हणून जे काही उरले आहे, ते आठवड्यातील अर्ध्या-पाऊण तासाच्या फोनवर उरले आहे. तो अर्धा तासही एका बाजूने नुसते बोलण्यात आणि दुसऱ्या बाजूने नुसते ‘हं’ म्हणण्यात जाऊ लागला, तर मग काय राहिले?

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. समजा, वाईहून आत्याचा फोन आला आहे. आत्याचे यजमान जाऊन दोन वर्षे झाली. राहत्या घरावर दिरांचाही हक्क आहे, आणि त्याविषयीचीच काही हकिकत चालली आहे. आपण ‘हं’, ‘बरं’, ‘हो ना’ म्हणत आहोत. मध्येच मन उठून जाते. गॅसवर दूध असते, उद्या भरावयाचे लाइटबिल असते, समोरच्या पडद्यावर एखादी बातमी सरकून जाते. मन परत येते ते आत्याच्या प्रश्नाने : “मग काय करू रे? सही करू का नको?” कशावर सही? कोणी मागितली? मधली दोन-तीन मिनिटे कोरी असतात. आणि अशा वेळी शंभरातले बहुसंख्य लोक जे उत्तर देतात ते आपणही देऊन बसतो : “तुला योग्य वाटेल ते कर.” या उत्तराइतके निरुपद्रवी दिसणारे आणि इतके निष्काळजी उत्तर आम्हाला दुसरे माहीत नाही. कागद हक्कसोडपत्राचा असेल, तर आत्याचे घर त्या एका वाक्यावर जावयाचे.

असे का होते, हे प्रथम पाहू. माणूस स्वभावाने बेपर्वा असतो म्हणून होते, असे म्हणणे सोपे आहे. ते खरे नाही. १९५३ साली कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या दोन कानांत दोन वेगवेगळी भाषणे सोडावयाची, आणि त्यांपैकी एका कानात येणारे शब्द त्याने लगोलग मोठ्याने म्हणत जावयाचे. नंतर विचारावयाचे, दुसऱ्या कानात काय चालले होते? कोणी तरी बोलत होते, एवढे लोकांना सांगता येई. पुरुषाचा आवाज जाऊन बाईचा आवाज आला, हेही कळलेले असे. परंतु काय बोलले गेले ते सांगता येत नसे. मध्येच इंग्रजी सोडून भाषण जर्मन केले, तरी त्याचाही पत्ता पुष्कळांना लागला नाही. १९५९ साली नेव्हिल मोरे याने त्याच दुसऱ्या कानात ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव घालून पाहिले. काहींना ते ऐकू आले. १९९५ मध्ये हा प्रयोग पुन्हा काळजीपूर्वक केला गेला, तेव्हा स्वतःचे नाव कळलेले लोक सुमारे एक-तृतीयांश निघाले. बाकीच्यांना आपले नावही ऐकू आले नव्हते! तेव्हा कान उघडा असणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. आत्याचा आवाज कानात येत असतो, तो आत्याचाच आहे आणि ती काळजीत आहे एवढेही मनाला कळत असते. फक्त ती काय म्हणते हे कळत नसते. आपण ऐकत होतो, असे पुढे आपल्याला प्रामाणिकपणे वाटते, ते यामुळेच.

समोरासमोर बसलेल्या माणसाची नजर भरकटली की बोलणाऱ्याला ते दिसते, आणि तो थांबतो. फोनवर नजर नाही. तेथे ऐकणाऱ्याचे अस्तित्व सिद्ध करावयास एक हुंकार तेवढा आहे. आपल्याकडे गोष्ट सांगणारी आजी, मुलांनी हुंकार द्यावा असा आग्रह धरीत असे. हुंकार थांबला की पोरे झोपली, असे समजून ती गोष्ट आवरती घेई. फोनचा व्यवहारही याच नियमावर चालतो. दुर्दैव असे की, मोठेपणी झोपेतही हुंकार देण्याची विद्या आपल्याला साधते. तोंड ‘हं’ म्हणत राहते, मन दूध पाहावयास गेलेले असते.

पण त्या हुंकारानेही बोलणारा संपूर्ण फसत नाही. कॅनडातील जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास येथे सांगण्याजोगा आहे. एकाने आपल्यावर गुदरलेल्या प्रसंगाची गोष्ट सांगावयाची, दुसऱ्याने ऐकावयाची. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप एक काम दिले होते : सांगणाऱ्याच्या बोलण्यात ‘टी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजा. हे श्रोते शब्द बारकाईने ऐकत होते, पण गोष्ट ऐकत नव्हते. “अरे बाप रे”, “मग?” असे गोष्टीच्या जागेवर पडणारे त्यांचे प्रतिसाद जवळजवळ नाहीसे झाले. परिणाम काय झाला? सांगणाऱ्यांनाच गोष्ट नीट सांगता येईना. विशेषतः शेवट करताना ते अडखळू लागले, उगाच लांबवू लागले, जे सांगून झाले त्याचे समर्थन करू लागले. त्यांना बिचाऱ्यांना या मोजणीची कल्पनाही नव्हती. आपली आत्या तीच तीच गोष्ट पुन्हा पुन्हा का सांगते, अशी तक्रार करणाऱ्या भाच्यांनी या प्रयोगाचा विचार करावा. कदाचित ती गोष्ट अद्याप कोणी ऐकलेलीच नसेल.

यात काळाचाही भाग आहे. ट्रंककॉलच्या दिवसांत तीन मिनिटांच्या हिशेबाने पैसे पडत. कॉल नोंदवून तास-तास वाट पाहावी लागे. घाई असेल तर ‘अर्जंट’, त्याहून घाई असेल तर ‘लायटनिंग’. लाइन मिळाली की सारे घर त्या काळ्या यंत्राभोवती गोळा होई आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात प्रकृतीची चौकशी चाले. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये थेट फिरवून लागणारी एसटीडी सुरू झाली आणि हळूहळू मधला ऑपरेटर गेला. पण बूथमध्ये डोक्यावर आकडे सरकत असत, तोवर कोणाचे चित्त ढळत नव्हते. आता बोलण्याला वेगळा पैसा पडत नाही. म्हणून आपण भाजी चिरताना बोलतो, जिना चढताना बोलतो, दुसऱ्याला निरोप टंकताना बोलतो. जुने दिवस चांगले होते असे आम्ही म्हणत नाही. त्या तीन मिनिटांत कोणाला आपले दुःख सांगता येत नव्हते. आज ते सांगावयास वेळ आहे. ऐकावयास मात्र सवड उरलेली नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषेची. मराठी वाक्याचा जीव त्याच्या शेपटाशी असतो. क्रियापद शेवटी, आणि ‘नाही’ त्याच्याही शेवटी. “सही केली तर घर आपल्या हातून जाणार” येथवर ऐकले आणि पुढचा ‘नाही’ हुकला, की अर्थ पार उलटा झाला. इंग्रजी वाक्यात नकार बहुधा आधीच येऊन जातो. मराठी ऐकणाऱ्याला पूर्णविरामापर्यंत जागे राहावे लागते. ‘परवा’ हा शब्द घ्या. “परवा तलाठ्याकडे” एवढेच कानी पडले, तर आत्या जाऊन आली की जावयाची आहे? ते ‘गेले होते’ किंवा ‘जायचंय’ यावरच ठरणार. तसेच ‘आम्ही’ आणि ‘आपण’. “रविवारी आम्ही वकिलांकडे जाणार” यात भाचा मोकळा आहे. “आपण जाणार” यात त्याने रविवारची गाडी पकडावयाची आहे. एका शब्दाच्या हुकण्याने आत्या रविवारी सकाळी स्टँडवर वाट पाहत उभी राहते. त्यात जुन्या टेलिफोन-तारेतून साधारणपणे सेकंदाला ३०० ते ३४०० कंपनांपर्यंतचाच आवाज जाई. स, श, फ यांसारख्या ध्वनींचा बराच अंश त्याच्या वर असतो, तो गाळला जाई. नव्या मोबाईल सेवेत ही मर्यादा पुष्कळ वाढली आहे. म्हणून दोष यंत्रावर ढकलण्याची सोय दिवसेंदिवस कमी होत चालली आहे, हेही सांगून ठेवतो.

आता धागा धरावा कसा, याकडे वळू. प्रथम एक धीराची गोष्ट. न कळलेले विचारणे हा संभाषणातला अपघात नसून तो नित्याचा व्यवहार आहे. ईमॅन्युएल शेग्लॉफ, गेल जेफरसन आणि हार्वी सॅक्स यांनी १९७७ साली, माणसे बोलता बोलता बिघडलेले बोलणे दुरुस्त कसे करतात, याची पद्धतशीर मांडणी केली. पुढे २०१५ साली मार्क डिंगेमान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील बारा भाषांतील घरगुती बोलणी तपासली. त्यांना असे आढळले की, सरासरी दर दीड मिनिटाला कोणीतरी कोणाला तरी ‘काय?’, ‘कोण?’, ‘म्हणजे अमुक ना?’ असे विचारीत असते. दीड मिनिटाला एकदा! तेव्हा पंधरा मिनिटांच्या फोनमध्ये आपण एकदाही काही विचारले नसेल, तर आपले लक्ष उत्तम होते, असा त्याचा अर्थ बहुधा नाही.

याच अभ्यासात आमच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे. विचारण्याच्या तीन तऱ्हा असतात. पहिली नुसती ‘आं?’ किंवा ‘काय?’, तिच्यामुळे सगळे वाक्य पुन्हा म्हणण्याचा भार बोलणाऱ्यावर पडतो. दुसरी, ‘कोणी सांगितलं?’ ‘कुठल्या तारखेला?’ अशी नेमकी. तीत बाकीचे ऐकले असल्याची पावती असते. तिसरी, ‘म्हणजे धाकट्या दिरांनी ना?’ अशी, तिला नुसते ‘हो’ म्हटले की काम भागते. सगळ्या भाषांतील माणसे, शक्य असेल तेथे, यांतली सर्वांत नेमकी तऱ्हाच निवडतात, म्हणजे समोरच्यावर कमीत कमी भार टाकतात. आमच्या मते यातच सभ्यता आहे. धागा सुटला की, जेवढे हाती आहे तेवढे दाखवावे, आणि जेथे तुटला नेमके ते टोक मागावे. नुसते “परत सांग” म्हणणे म्हणजे सुताचा सगळा गुंडा दुसऱ्याच्या अंगावर टाकणे होय.

पण हे करावे केव्हा? लगेच. नुकतेच ऐकलेले शब्द काही सेकंद कानात घुमत राहतात. आपण “काय म्हणालीस?” असे विचारतो, आणि तिने उत्तर देण्याच्या आतच तिचे वाक्य आपल्याला आपोआप उमगते, हा अनुभव कोणाला नाही? तेवढ्या अवधीत मन परतले तर काहीच बिघडत नाही. हा क्षण टळला की मग मागचे शब्द गेलेच. येथे आपला घात करते ती घाई. दहा भाषांवरच्या एका अभ्यासात (२००९) असे दिसले की, प्रश्न आणि उत्तर यांमधली पोकळी सरासरी सेकंदाच्या पंचमांशाएवढीच असते. जिभेला इतक्या झपाट्याने उत्तर देण्याची सवय असल्यामुळे विचार करण्यापूर्वीच ‘हो’ निसटतो. पुष्कळ ‘हो’ हे खोटे बोलण्याच्या इच्छेने म्हटलेले नसतात, ते नुसते वेळेवर म्हटलेले असतात! यावर आपल्या भाषेत एक साधा शब्द आहे : “थांब.” वडीलधारे असतील तर “थांबा हं, काका, एक मिनिट.” हा शब्द उच्चारला की पोकळी भरून निघते, आणि पुढे खरे बोलावयास अवसर मिळतो.

आणि खरे बोलावे ते असे : “आत्या, थांब. दीर कागद घेऊन आले इथपर्यंत मी ऐकलं. मग माझं लक्ष दुधाकडे गेलं. कागद कसला होता, तिथपासून सांग.” या चार वाक्यांत कोठवर ऐकले ते आहे, पुढे काय झाले ते आहे, आणि कोठून पाहिजे तेही आहे. क्षमायाचनेचा पाल्हाळ नाही. पाल्हाळ लावला तर आत्यालाच आपली समजूत काढीत बसावे लागते, आणि तिची सही बाजूला राहते. चार-पाच मिनिटे कोरी गेली असतील, तर टोक दाखवावयासच काही नसते. अशा वेळी, “आत्या, मघापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं, मी नुसतं हं हं करत होतो. हे महत्त्वाचं आहे. मी बसतो एका जागी, तू पहिल्यापासून सांग,” असे म्हणावे. ऐकणारी क्षणभर दुखावेल. पण खोटा सल्ला घेऊन जाण्यापेक्षा ते दुखणे स्वस्त आहे. शिवाय कोऱ्या गेलेल्या वेळात जितके अधिक हुंकार भरले असतील, तितके हे सांगणे अवघड होत जाते. प्रत्येक ‘हं’ ही एक लहानशी हमी असते, आणि हम्या साठत जातात.

कचेरीतल्या वरिष्ठांशी बोलताना इतका मोकळेपणा चालत नाही हे खरे. तेथे, “साहेब, शेवटचा मुद्दा माझ्याकडून निसटला, हप्ता मार्चचा म्हणालात की एप्रिलचा?” एवढे पुरे. पण तेथेही विचारले पाहिजेच.

येथे एका फार प्रचलित युक्तीचा समाचार घ्यावा लागेल. ती म्हणजे “आवाज तुटतोय.” हिच्याइतकी लोकप्रिय लोणकढी थाप सांप्रत दुसरी नसेल. कधी आवाज खरोखरच तुटतो, तेव्हा जरूर सांगावे. पण आपले मन तुटले असता नेटवर्कला बळी देण्यात तोटाच अधिक. एक तर आत्या तेच वाक्य, तेवढेच, पण ओरडून म्हणते; मधली हरवलेली तीन मिनिटे परत येत नाहीत. मग “आता येतंय का?”, “खिडकीपाशी जाऊन बघ” अशी यंत्राची तपासणी सुरू होते आणि हकिकत कायमची मागे पडते. दुसरे असे की, ज्या माणसाने आपल्याला लहानपणापासून ओळखले आहे त्याला आपला सूर कळतो. तो काही बोलत नाही, इतकेच. पुढच्या वेळी त्याची हकिकत थोडी आखूड होते, त्याच्या पुढच्या वेळी आणखी आखूड होते, आणि एके दिवशी “काही विशेष नाही रे, सगळं ठीक” एवढ्यावर फोन संपतो. सगळे ठीक नसते.

न कळता म्हटलेल्या एका ‘ओके’ची किंमत किती होऊ शकते, याचे भयंकर उदाहरण विमानांच्या जगात आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरीफ येथील विमानतळावर दाट धुके होते. एकाच धावपट्टीवर एक डच आणि एक अमेरिकन अशी दोन प्रचंड विमाने होती. डच वैमानिकांनी आपण उड्डाणाच्या स्थितीत आहोत अशा अर्थाचे काही संदिग्ध शब्द कळवले. मनोऱ्यातील नियंत्रकाला धुक्यामुळे काही दिसत नव्हते. तो प्रथम ‘ओके’ म्हणाला, आणि मग थांबण्यास सांगू लागला. नेमक्या त्याच वेळी अमेरिकन विमानातूनही कोणी बोलले. दोन आवाज एकमेकांवर आदळून डच विमानात नुसती शिट्टी ऐकू आली. स्वच्छ पोहोचला तो ‘ओके’ तेवढा. विमान धावले. ५८३ माणसे मेली. त्या अपघाताला घाई, धुके, गर्दी अशी इतरही कारणे होती. परंतु त्यानंतर विमानांच्या बोलण्याची भाषा अधिक कडक करण्यात आली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरावयाचा. आणि महत्त्वाच्या सूचनेला नुसते ‘ओके’ न म्हणता ती सूचना आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवावयाची. बेलनेही वॉटसन धावत आला एवढ्यावर समाधान मानले नव्हते. काय ऐकले ते त्याला पुन्हा म्हणावयास लावले होते.

घरगुती फोनवर प्रत्येक वाक्य परत म्हणू लागलो तर वेड लागेल. पण काही गोष्टी अशा असतात की, तेथे ही शिस्त पाळावीच : औषधाचे प्रमाण, पैशाचा आकडा, तारीख आणि वेळ, सही. “म्हणजे अर्धी गोळी सकाळी, आणि रात्री एक, जेवल्यावर, बरोबर?” यात कोणाचा अपमान नाही. मराठीतले आकडे तर मुद्दाम फोडून म्हणावेत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पावणेदोन आणि सव्वादोन यांची फोनवर गल्लत होणे मुळीच कठीण नाही. मोटार चालवणाऱ्याने मात्र धागा धरण्याच्या फंदात पडू नये. फोनवर बोलणाऱ्या चालकांकडून दुपटीहून अधिक इशारे हुकतात आणि फोन हातात धरला काय किंवा न धरला काय, त्याने फरक पडत नाही, असे अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या प्रयोगांत २००१ साली दिसून आले. शेजारी बसलेला माणूस रस्ता पाहून गप्प होतो. वाईच्या आत्याला रस्ता दिसत नाही. “गाडी चालवतोय, पोचलो की करतो,” म्हणावे, आणि पोचल्यावर खरोखर करावे.

आतापर्यंत आम्ही धागा सोडणाऱ्याविषयी बोललो. पण पुष्कळदा धागा सुटतो तो आत्याच्या बाजूने, आणि तेथे कारण वेगळे असते. वाढत्या वयात प्रथम उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स्वर ऐकू येतात, व्यंजने विरतात. कोणीतरी बोलते आहे हे स्पष्ट कळते, काय ते अंदाजाने भरून काढावे लागते. हा अंदाज बांधण्याचे श्रम इतके असतात की, दहा मिनिटांत वृद्ध माणूस थकतो. मग तोही ‘हो हो’ म्हणू लागतो. लाजेपोटी, आपण म्हातारे झालो हे मुलांना कळू नये म्हणून. त्या ‘हो हो’वर विसंबून मुलगा समजतो, बाबांना औषध कळले. तेव्हा “मी काय सांगितलं, म्हणून दाखवा बघू,” असे मास्तरी करू नये. आईवडिलांची तोंडी परीक्षा घेणारी मुले आम्ही पाहिली आहेत, ती फार वाईट दिसतात. त्याऐवजी, “बाबा, उद्या सकाळी कोणती गोळी आधी घ्याल?” असे विचारावे, उत्तरात सारे कळते. ओरडू नये. ओरडण्याने स्वर फुगतात, व्यंजने आहेत तेथेच राहतात. आवाज जरा खाली आणून, सावकाश, आणि तेच वाक्य न घोकता निराळ्या शब्दांत सांगावे. एका शब्दाशी अडलेला कान दुसऱ्या शब्दाशी पुष्कळदा मोकळा होतो.

आणि कोणी आपल्याला, “माझं लक्ष नव्हतं, पुन्हा सांग,” असे म्हटले, तर “तुझं कधी असतं?” हे उत्तर ओठांवर येते, ते गिळावे. ज्याने एवढे कबूल केले त्याला त्याबद्दल शिक्षा झाली, की पुढच्या खेपेस तो नेटवर्कचा आश्रय घेणार, आणि त्यात त्याच्याइतकाच आपलाही वाटा असणार. बोलणाऱ्यानेही अधूनमधून श्वास घ्यावा. मूळ मुद्दा सहीचा असताना प्रारंभ पणजोबांच्या खरेदीखतापासून केला, तर सावध श्रोताही वाटेत कोठे तरी उतरतो. आधी सही, मग पणजोबा.

राहता राहिला तो प्रसंग ज्यात हे काहीच वेळेवर सुचत नाही. “ठेवते मग,” म्हणून आत्या फोन ठेवते, आपण दूध उतरवतो, आणि दहा मिनिटांनी मनात येते की, तिने काही तरी विचारले होते आणि आपण काही तरी उत्तर दिले होते. अशा वेळी पुढच्या रविवारची वाट पाहू नये, व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकून मोकळेही होऊ नये. गॅस बंद करावा, बसावे, आणि पुन्हा फोन लावावा. “आत्या, मघाशी तू सहीचं विचारलंस आणि मी तुला योग्य वाटेल ते कर म्हणालो. मी नीट ऐकलंच नव्हतं गं. तो कागद जवळ आहे का? वर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव. तोवर कशावरही सही करू नकोस.” आत्या म्हणेल, थांब, चष्मा कुठे ठेवलाय बघते. ती चष्मा शोधून येईपर्यंत फोन कानाशी धरून बसावे.